गाडीतून उतरताना बसणारा झटका कसा टाळायचा: आधी हात, मग पाय

हवा कोरडी पडू लागली की खान्देशातल्या गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते. गाडी करंट मारते, किंवा सरळ अहिराणीत, "गाडी करंट मारस". मग कोणी बॅटरीची निगेटिव्ह वायर घट्ट करून देतो, कोणी मागच्या बंपरखाली जमिनीला टेकणारी रबरी पट्टी लावतो, कोणी चेन. पैसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गाडी उभी करून दाराला बोट लावलं की पुन्हा तोच चटका.

इलाज चुकतो, कारण दुखणं गाडीच्या वायरिंगमध्ये शोधलं जातं. झटका तुमच्या अंगावर जमलेल्या स्थिर विजेचा असतो. प्रवासभर तुमचे कपडे आणि सीटचं कव्हर एकमेकांना घासतात आणि एकाकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे सरकतात. दोन्ही चिकटून असेपर्यंत काही कळत नाही. तुम्ही सीटवरून उठता तेव्हा दोन्ही पृष्ठभाग सुटतात. एका प्रकारचा विद्युत भार, म्हणजे साठलेली वीज, सीटवर राहतो आणि त्याच्या उलटा भार तुमच्या अंगावर येतो. बुटाचा तळ रबरी असला तर या भाराला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. उठण्या-उतरण्याच्या या दोन सेकंदांत अंगावर सहज ५ ते १० हजार व्होल्ट चढतात. साधारण ३ हजारांच्या पुढे गेलं की ठिणगी बोटाला जाणवते. आकडा मोठा वाटला तरी वीज अगदी थोडी असते आणि क्षणार्धात संपते, म्हणून निरोगी माणसाच्या जिवाला त्यातून अपाय होत नाही. पेट्रोलच्या वाफेजवळ मात्र हीच ठिणगी घातक ठरते. त्याचा टप्पा पुढे वेगळा दिला आहे.

हवेत आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर कपड्यांवर, सीटवर, कातडीवर ओलाव्याचा पातळ थर राहतो आणि भार जमता जमता निसटून जातो. ४० टक्क्यांच्या खाली तो टिकतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. म्हणून जी गाडी मे महिन्यात रोज चटके देते, ती जूनचा पाऊस पडल्यावर कोणी हात न लावताही गप्प होते. दुरुस्ती केल्यानंतर लगेच पाऊस पडला तर दुरुस्तीला गुण आला असं वाटतं, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गॅरेजची पायरी चढावी लागते.

टप्पा १: झटका कोणता आहे ते आधी ओळखा

हे न तपासता पुढे जाऊ नका. चार प्रकार एकमेकांसारखे वाटतात, पण त्यांचे इलाज अगदी वेगळे आहेत.

१. उतरल्यावर पहिल्यांदा धातूला हात लागला की एकदाच "टच्" होतं आणि लगेच पुन्हा हात लावला तर काहीच होत नाही. ही स्थिर वीज. हा लेख तिच्यासाठी आहे.

२. गाडी येऊन थांबते, आणि आधीपासून बाहेर उभा असलेला माणूस दाराला हात लावतो तेव्हा त्याला झटका बसतो. इथे भार गाडीच्या पत्र्यावर आहे, टायर फिरून जमलेला. हे कमी वेळा होतं आणि गाडी उभी राहिल्यावर थोड्या वेळात आपोआप ओसरतं. पण खात्री करायची तर तो माणूस खरोखर बाहेरच उभा असला पाहिजे. मागच्या सीटवरून उतरून आलेल्या माणसावर ही चाचणी घेतली तर उत्तर चुकीचं येतं, आणि बहुतेक घरांत ती तशीच घेतली जाते.

३. हात ठेवल्यावर झिणझिण्या येत राहतात, पुन्हा लावला तरी पुन्हा येतात. ही स्थिर वीज नव्हे. इलेक्ट्रिक गाडी घरी चार्जिंगला लावली असेल तर ती गळती आहे आणि जिवावर बेतू शकते. गाडीला, चार्जरच्या गनला पुन्हा हात लावू नका. बोर्डावर जाऊन त्या लाइनचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली पाडा, मगच चार्जर काढा. वायरमनकडून अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) तपासून घेईपर्यंत चार्जिंग बंद ठेवा. गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडला किंवा पाण्याच्या मोटारीच्या लोखंडी पेटीला टेकून उभी असेल तरी हीच शंका धरा. उच्च दाबाच्या मोठ्या लाइनखाली उभ्या ट्रक-ट्रॉलीलाही अशा झिणझिण्या येतात. तिथून वाहन हलवा.

४. बॉनेट उघडून, इंजिन चालू असताना जोराचा दणका बसला तर तो पेट्रोल गाडीच्या इग्निशनचा. वायर किंवा कॉइल बदलावी लागते.

तपासणी: सलग तीन वेळा उतरून पाहा. तिन्ही वेळा एकच चटका आणि दुसऱ्या स्पर्शाला काहीच नाही, तर पुढे चला. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही, त्यामुळे त्या वायरींमागे लागू नका.

टप्पा २: पायताण आणि कपडे

एकाच गाडीतून उतरलेल्या दोघांकडे पाहा. सुती धोतर आणि कातडी तळाच्या वहाणा घातलेल्या आजोबांना काही होत नाही. ट्रॅक पँट आणि जाड तळाचे स्पोर्ट्स शूज घातलेला नातू मात्र दाराला हात लावायला घाबरतो. सीट तीच, प्रवासही तोच. फरक दोनच गोष्टींचा आहे: घासणारं कापड आणि भार खाली उतरायची वाट.

त्यातही आधी पायताण बदलून पाहा, कारण त्याचा गुण सर्वांत लवकर दिसतो. रबर, फोम आणि पीयू या प्लास्टिकचे तळ भार अडवतात. खऱ्या कातड्याचा तळ थोडा ओलावा धरतो आणि भार हळूहळू खाली सोडतो. बाजारात वरून कातडी आणि खाली रबर अशा चपला भरपूर मिळतात, त्यांचा इथे उपयोग नाही. तळ उलटा करून कडेला पाहा. कापलेल्या कातड्याचे तंतू दिसले पाहिजेत. कारखान्यांसाठी मिळणारे अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साठू न देणारे) अशी खूण असलेले सेफ्टी शूज हाही चांगला पर्याय आहे. साधे सेफ्टी शूज चालत नाहीत.

पाय कुठे टेकतो हेही बघा. काँक्रीट, माती यांवर भार थोडाफार उतरतो. गुळगुळीत टाइल्स लावलेल्या पोर्चमध्ये उतरत नाही, आणि पोर्चमध्ये प्लास्टिकची चटई अंथरली असेल तर मुळीच नाही. जळगावच्या एमआयडीसीत बनणाऱ्या चटया घरोघरी आहेत. गाडी उभी राहते तिथून ती उचलून ठेवा.

कपड्यांत पॉलिस्टर, नायलॉन, टेरिकॉट, लोकर यांचा त्रास जास्त. सिंथेटिक साडीवर नायलॉनचा परकर असेल तर कापड कापडावरही घासतं. वरचा सदरा सुती आणि खाली ट्रॅक पँट असेल तर फायदा नाही, कारण सीटला मुख्यतः खालचं वस्त्र आणि पाठ लागते. विजार, परकर, सलवार यांपासून सुरुवात करा.

तळहात फार कोरडे पडले असतील तर ग्लिसरीन असलेलं लोशन लावा. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं. नुसतं खोबरेल तेल लावून या कामात फारसा फरक पडत नाही, कारण तेलातून वीज वाहत नाही.

टप्पा ३: सीटची तयारी

रेक्झिन आणि मखमली पॉलिस्टर कव्हर ही भार जमवणारी मुख्य जागा. कव्हर बदलायच्या आधी दोन स्वस्त उपाय करून पाहा.

सुती टॉवेल किंवा पंचा. जाड, न चुरगळणारा, शंभर टक्के सुती. बसायच्या भागावर आणि पाठीच्या खालच्या अर्ध्या भागावर अंथरा आणि सीटच्या फटीत घट्ट खोचा. सैल टॉवेल सीटवर सरकत राहिला तर टॉवेल आणि रेक्झिन यांच्यातलं घासणं वाढतं. शिवाय ब्रेक दाबताना चालक पुढे घसरतो.

सावधान: सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची शिवलेली चिठ्ठी असेल तर त्या बाजूवर टॉवेल, कव्हर, काहीही गुंडाळू नका. अपघातात एअरबॅग तिथूनच फुटून बाहेर येते.

फॅब्रिक कंडिशनरचा फवारा. कपडे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात टाकतो तेच. त्यातला घटक धाग्यावर राहून हवेतला ओलावा ओढतो.

१. सीट कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्यूम करा. धूळ राहिली तर तिचा चिखल होऊन डाग पडतात.

२. अर्धा लिटर पाण्यात २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे कंडिशनर. आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, मग उरलेलं पाणी घाला. जास्त घातलं तर सीट चिकट होते आणि तिच्यावर धूळ बसते.

३. सीटच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी थोडं मारून वाळू द्या. रंग गेला किंवा डाग पडला तर इथेच थांबा.

४. हातभर अंतरावरून बारीक फवारा मारा. एका सीटला ५० ते ६० मिली पुरे. कापडावर दव पडल्यासारखं दिसलं पाहिजे. ओघळ दिसला तर जास्त झालं. पुढच्या सीटखाली आणि आत सेन्सर, वायरी असतात, त्यामुळे सीट भिजवायची नाही.

५. दारं उघडी ठेवून सावलीत पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात तास-दीड तास, थंडीत दुप्पट.

कापडी सीटवर याचा गुण साधारण तीन-चार आठवडे राहतो. रेक्झिनमध्ये ते मुरत नाही. तिथे याच पाण्यात फडकं पिळून पुसा आणि दर आठवड्याला पुन्हा करा. खऱ्या कातडी सीटवर हे वापरू नका.

सावधान: स्टिअरिंग, क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर आणि पायाखालच्या मॅटवर हा फवारा उडू देऊ नका. ते निसरडे होतात. फवारा मारण्याआधी पेडलवर जुनी चादर टाका.

टप्पा ४: उघड्या धातूची जागा आधीच शोधून ठेवा

उतरताना गडबडीत धातू शोधायचा म्हटलं की हात हँडलकडे जातो आणि काम बिघडतं. त्यामुळे घरी, दिवसाउजेडी, आपल्या गाडीत जागा ठरवून घ्या.

दार उघडून चालकाच्या सीटवर बसा. उजवा हात उजव्या खांद्याच्या मागे, कमरेच्या उंचीवर न्या. दोन दारांमधल्या खांबावर यू आकाराचा लोखंडी हुक लागेल. दार लावल्यावर कुलूप त्याच्यातच अडकतं. तो बहुतेक गाड्यांत रंग न दिलेला असतो, बोल्टने थेट सांगाड्याला पिळलेला असतो, आणि दर वेळी कुलपाला घासून चकचकीत राहतो. आपल्याला हवी ती हीच जागा. डाव्या सीटवाल्यांनी डावा हात, मागे बसणाऱ्यांनी त्यांच्या मागच्या खांबावरचा हुक.

ग्रीसचा काळा थर असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. मल्टिमीटर असेल तर एक टोक हुकाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून कंटिन्युइटी, म्हणजे वीज आरपार जाते का, ते पाहा. बीप वाजला की जागा पक्की.

खालच्या जागा धातूच्या वाटतात, पण उपयोगाच्या नाहीत:

सीट बेल्टची चकचकीत जीभ. ती धातूची असली तरी कापडी पट्ट्याला लोंबते. बकलातून सुटल्यावर तिचा सांगाड्याशी संबंध उरत नाही.

क्रोमचं हँडल. आजच्या बऱ्याच गाड्यांत ते प्लास्टिक असतं, वरून मुलामा. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहा, चिकटलं नाही तर सोडून द्या.

रंगवलेला पत्रा. रंगाचा थर वीज अडवतो. पूर्ण तळहात दाबून धरला तर थोडा आराम पडतो, पण खात्री नाही. दुसरी जागा हाताला येतच नसेल तेव्हाच वापरा.

सावधान: हुकावर हात असताना दार लागलं तर बोटं चिरडतात. चढावर किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात दुसऱ्या हाताने किंवा गुडघ्याने दार अडवून धरा. लहान मुलांना ही जागा शिकवू नका. त्यांच्यासाठीची पद्धत टप्पा ६ मध्ये आहे.

टप्पा ५: उतरण्याचा क्रम

बहुतेक जण आधी उतरतात आणि मग धातूला हात लावतात. तोपर्यंत भार अंगावर चढलेला असतो, त्यामुळे तो स्पर्श म्हणजेच झटका. हात आधीपासून धातूवर असेल तर सीटपासून अंग सुटताना तयार होणारा भार त्याच क्षणी हातातून सांगाड्यात जातो. ठिणगी पडण्याइतका तो जमतच नाही.

१. गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, बेल्ट सोडा. शाल, जॅकेट, स्वेटर काढायचा असेल तर बसूनच काढा. उतरल्यावर काढलात तर नव्याने भार चढतो.

२. आरसा पाहून दार पूर्ण उघडा. अजून सीटवरच आहात.

३. ठरवलेल्या धातूवर हात ठेवा. बोटाचं टोक टेकवू नका, तीन-चार बोटांनी नीट धरा. स्पर्शाची जागा मोठी असली की उरलासुरला भार टोचत नाही.

४. हात न सोडता दोन्ही पाय बाहेर टेकवा.

५. हात न सोडता उठा. सीटवरून घसरत बाहेर येऊ नका, अंग उचलून घ्या. रेक्झिनवरून घसरत उतरणाऱ्याला सर्वांत मोठा चटका बसतो.

६. उभं राहून मनात दोन आकडे मोजा. सदऱ्याची मागची बाजू, पदर, ओढणी सीटपासून पूर्ण सुटली का पाहा. पदराचं टोक सीटवर राहिलं आणि हात सोडल्यावर ओढलं गेलं, तर मेहनत वाया.

७. आता हात काढा. मग दार लावा.

तपासणी: दार लावताना आवाज नाही, चटका नाही, तर क्रम बरोबर. तरीही बसला तर उतरल्यावर तुम्ही वाकून सीटवरची पिशवी, पर्स किंवा डबा ओढून घेतला का ते आठवा. वाकताना अंग पुन्हा सीटला घासतं. अशा वेळी पिशवी घेण्याआधी दुसऱ्या हाताने धातू धरा आणि पिशवी बाहेर येईपर्यंत सोडू नका.

काही जण झटका चुकवायला दार काचेवर ढकलून लावतात. त्याने दार लागतं, पण भार अंगावरच राहतो. मग घराच्या लोखंडी फाटकाला किंवा दुकानाच्या शटरला हात लावताना तो निघतो.

हात सुटलाच तर

विसरलात आणि उतरून उभे राहिलात, तर बोट पुढे करू नका. गाडीच्या किल्लीचं लोखंडी पातं चिमटीत घट्ट धरा आणि त्याचं टोक हुकाला लावा. ठिणगी टोकावर पडेल, पण हाताला जाणवणार नाही, कारण पातं धरलेल्या बोटांत वीज पसरून जाते. रिमोटच्या प्लास्टिकला धरून हे साधत नाही, पात्यालाच बोटं लागली पाहिजेत. बटणाची किल्ली असेल तर पाच रुपयांचं नाणं खिशात ठेवा, तेवढंच काम करतं. काहीच नसेल तर मुठीची मागची बाजू किंवा कोपर लावा. बोटाच्या टोकापेक्षा तिथे कमी दुखतं.

टप्पा ६: लेकरू, म्हातारं माणूस आणि मदतीचा हात

आई उतरते, वळून मागच्या सीटवरच्या बाळाला उचलायला हात घालते आणि बाळ दचकून रडतं. भार आईच्या अंगावर होता, तो बाळाच्या गालावर निघाला. उतरल्यावर आधी मागचं दार उघडून त्याच्या खांबावरच्या हुकाला हात लावा, मग बाळाला हात लावा. थोडं मोठं मूल असेल तर तुम्ही एका हाताने धातू धरून दुसऱ्या हाताने त्याचा हात पकडा. ते उतरेपर्यंत दोन्ही हात सोडू नका. भार तुमच्यातून जातो, चटका कोणालाच बसत नाही.

आजी-आजोबांना उतरवताना हे जास्त महत्त्वाचं आहे. झटक्याने दचकून हात सुटला तर पडून हाड मोडतं. बाहेरच्या माणसाने धातू धरून मगच हात पुढे करावा आणि आजी पूर्ण उभ्या राहून सीटपासून सुटेपर्यंत धरून ठेवावा.

टप्पा ७: पेट्रोल पंप, सीएनजी आणि कॅन

पेट्रोलची वाफ पेटायला ०.२ ते ०.३ मिलीज्यूल इतकी ऊर्जा पुरते. १० हजार व्होल्ट चढलेल्या माणसाच्या बोटातून निघणारी ठिणगी त्याच्या वीस-पंचवीसपट असते. म्हणजे जी ठिणगी तुम्हाला जेमतेम जाणवते, तीही वाफ पेटवू शकते. सीएनजीला साधारण तेवढीच लागते.

आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा माणूस भरतो, म्हणून आपला संबंध नाही असं वाटतं. पण किल्लीने उघडायचं टाकीचं झाकण बहुतेक वेळा मालक स्वतः उतरून उघडतो. रेक्झिनवरून उठून आलेला हात सरळ टाकीच्या तोंडाशी जातो, आणि झाकण सैल होताच वाफ बाहेर येते. पहिला स्पर्श तिथे नको.

१. इंजिन बंद, टप्पा ५ च्या क्रमाने उतरा.

२. दार लावा. टाकीपासून दूर, दाराच्या बाजूच्या उघड्या धातूला आणखी एकदा हात लावा. मग झाकण उघडा.

३. पेट्रोल भरत असताना गाडीत जाऊन बसू नका. पाकीट राहिलं, फोन राहिला म्हणून आत बसून परत आलात तर भार नव्याने चढतो आणि या वेळी टाकी उघडी असते. पैसे उतरतानाच हातात घ्या.

४. आत जावंच लागलं तर परत आल्यावर आधी दूरच्या धातूला हात, मगच टाकीकडे.

सीएनजी भरताना सगळ्यांना खाली उतरवतात. चार माणसं उतरतात, चौघांच्याही अंगावर भार असतो. प्रत्येकाने धातू धरून उतरायचं आणि भरण्याच्या बाजूपासून लांब उभं राहायचं.

कॅनबद्दल शेतकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. फवारणी पंप आणि ग्रास कटरसाठी पेट्रोल आणताना कॅन पिकअपच्या हौद्यात किंवा डिकीत ठेवूनच भरायची घाई होते. हौद्यात प्लास्टिकचं अस्तर किंवा रबरी मॅट असेल तर कॅन जमिनीपासून तुटलेला राहतो, आणि पडणाऱ्या पेट्रोलच्या धारेनेच त्याच्यावर भार जमतो. लोखंडी कॅन असा तुटलेला असला की जास्त वाईट, कारण साठलेला सगळा भार एकाच ठिणगीत निघतो.

कॅन खाली उतरवून थेट काँक्रीटवर ठेवा. हातात धरून किंवा मोटरसायकलच्या सीटवर ठेवून भरू नका. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या, धार हळू ठेवायला सांगा, आणि वर थोडी जागा सोडा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल घेऊच नका.

सावधान: भरताना भडका उडालाच तर नोझल ओढून काढू नका. ओढलं की जळतं पेट्रोल चौफेर उडतं. हात सोडून मागे या, माणसांना लांब करा आणि पंपावरच्या माणसाला इमर्जन्सी स्विच बंद करायला सांगा.

टप्पा ८: विकत मिळणाऱ्या वस्तूंची पारख

मागे लोंबणारी पट्टी किंवा चेन पत्र्यावरचा भार जमिनीत सोडू शकते. तुमचा भार सीट आणि तुम्ही यांच्यात तयार होतो, त्यामुळे उतरताना बसणाऱ्या झटक्याला तिचा उपयोग नाही. टप्पा १ मधला दुसरा प्रकार, म्हणजे बाहेरच्या माणसाला झटका बसणं, पक्का ठरला असेल तरच ती लावण्यात अर्थ आहे. तेव्हाही ती खरोखर जमिनीला टेकते का आणि वरच्या टोकाला रंग खरवडून उघड्या धातूवर पिळली आहे का ते पाहा. रंगावरून बसवलेली पट्टी नुसती लोंबते.

बारीक दिवा असलेले अँटिस्टॅटिक की-चेन काम करतात. आतल्या रोधामुळे (रेझिस्टरमुळे) भार हळू निघतो, म्हणून दुखत नाही. अट एकच, त्याच्या धातूच्या किंवा काळ्या वाहक रबराच्या भागाला बोटं लागली पाहिजेत आणि धातूवर ते क्षणभर टेकवून धरलं पाहिजे.

मनगटात घालायचे वायर नसलेले रबरी बँड घेऊ नका. भार जायला त्यांना वाटच नसते.

टप्पा ९: एका वेळी एकच बदल

सगळे उपाय एकाच दिवशी केले की गुण कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळा खटाटोप करावा लागतो. शंभर-दोनशेच्या आर्द्रतामापकावर किंवा फोनवरच्या हवामानावर त्या वेळची आर्द्रता पाहा, आणि सारख्या कोरड्या दिवसांची तुलना करा.

पहिले दोन दिवस काहीच बदलू नका. वहीत किती वेळा उतरलात आणि किती वेळा चटका बसला एवढं लिहा. पुढचे दोन दिवस फक्त उतरण्याचा क्रम बदला. त्यानंतर दोन दिवस जुन्या सवयीने उतरा, पण पायात कातडी वहाणा घाला. मग पायताण जुनंच ठेवून सीटवर सुती टॉवेल अंथरा. फवारा सगळ्यात शेवटी, कारण एकदा मारला की तो परत काढता येत नाही.

क्रम बरोबर असूनही चटके बसत असतील तर बहुतेक वेळा हात रंगवलेल्या पत्र्यावर असतो किंवा उठताना नकळत सुटलेला असतो. घरातल्या कोणाला तरी बाहेर उभं करून फक्त तुमच्या हाताकडे बघायला सांगा.

पहिला जोराचा पाऊस झाला की सीटवरचा टॉवेल काढून धुऊन ठेवा, पावसाळ्यात तो ओलसर राहून कुबट वास धरतो. दिवाळीनंतर ओठ फुटू लागले, रात्री ब्लँकेट ओढताना अंधारात बारीक ठिणग्या दिसू लागल्या, की तोच टॉवेल पुन्हा अंथरा आणि त्याच आठवड्यात पहिला फवारा मारा.